मागे न घेतलेला माशीमार

फोटो समोर आला की काकू आधी पक्ष्याच्या तोंडावर अंगठा ठेवायच्या. फोन असो, लॅपटॉप असो, नाहीतर भिंतीवरचा टीव्ही, अंगठा नेमका डोक्यावर जाऊन बसायचा आणि चोच, डोळे, सगळं झाकलं जायचं. दाखवणारा हैराण व्हायचा. ज्यावरून ओळखायचं तेच झाकलं, तर उरलं काय?

"उरलं ते सांग," काकू म्हणायच्या. "तोंड पाहिलं की माणूस नाव सांगून मोकळा होतो, मग पुढे पाहतच नाही. नाव शेवटी."

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ओळखणारे इथे, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, अजून पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे मला फोन करून "त्या इतक्या काही तिखट नव्हत्या हो" असं सांगतील. होत्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. त्याच्याशी वाद घालताना आपण बरोबर असतो आणि घरी परत येईपर्यंत आपलंच चुकलं होतं की काय असं वाटायला लागतं. काकू त्यातल्या.

पहिली भेट भांडणात झाली. माझं नव्हे, त्यांचं चाललं होतं. मी तेव्हा पुण्याहून नवीनच आले होते आणि ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कंपनीत काम करत होते. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधला तो ओला सँडविच खायचा कंटाळा आला की मी गोदामांच्या मागच्या पायवाटेवर चालायला जायची. एका बाजूला पत्र्याच्या भिंती आणि लॉऱ्या, दुसऱ्या बाजूला ओढा आणि काटेरी झुडपं. तिथे पिवळं जाकीट घातलेला एक तरुण सिक्युरिटी गार्ड एका म्हाताऱ्या बाईंना अडवून उभा होता. बाईंनी सलवार-कमीजवर पावसाळी कोट चढवला होता, पायात गमबूट आणि गळ्यात दुर्बीण.

"आंटी, धिस इज प्रायव्हेट," गार्ड हात जोडून म्हणाला. बोलण्यावरून पंजाबी वाटला.

"आय अॅम नॉट युअर आंटी. धिस इज अ पब्लिक फुटपाथ. इट वॉज हिअर बिफोर युअर वेअरहाऊस अँड इट विल बी हिअर आफ्टर."

गार्ड बाजूला झाला. बाई पुढे झाल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "शहाणा मोठा. रस्ता काय याच्या बापाचा आहे?"

परक्या गावात अचानक अशी अस्सल शिवी कानावर पडली की जीव कसा थंड होतो, ते परदेशी राहिलेल्यांनाच कळेल. मी हसले. त्यांनी ते बरोबर पकडलं.

"काय पाहून राहिलीस? मराठी ना तू? मग इकडे ये आणि त्या फांदीवर काय बसलं आहे ते सांग मला."

"चिमणी आहे," मी म्हणाले.

"नाव नाही विचारलं. काय दिसतं ते सांग."

"तपकिरी आहे. लहान आहे. गोड आहे."

"गोड हा काही रंग नाही," काकू म्हणाल्या. अशी आमची ओळख झाली.

काकू मूळच्या चंद्रपूरकडच्या. वडील जंगल खात्यात होते, त्यामुळे बालपण सरकारी क्वार्टर्समध्ये, झाडांच्या गर्दीत गेलेलं. लग्नाआधी, एकट्या, घरच्यांचा विरोध मोडून त्या एक्स-रे काढण्याचं शिक्षण घ्यायला इथे आल्या आणि मग सगळी नोकरी हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात काढली. लग्न नंतर, स्वतःच्या पसंतीने. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, लेस्टरला. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं, आणि "आता तुझं सांगू नको, हळूहळू कळेल" असंही.

नोकरीतल्या सवयी सुटत नाहीत. त्यांच्या मते फोटो पाहायचा तो कडेकडून, मधे शेवटी यायचं. "सगळे मधेच पाहतात. मोडलेलं नेहमी कोपऱ्यात असतं." आणि दुसरा नियम त्याहून कडक. एकाच बाजूने काढलेला फोटो हा फोटोच नव्हे. "समोरून हाड अखंड दिसतं गं. बाजूने काढलं की कळतं, दोन तुकडे आहेत. दोन बाजू पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." हा नियम त्या पक्ष्यांना लावायच्या, शेजाऱ्यांच्या भांडणांना लावायच्या आणि मला बघायला येणाऱ्या मुलांच्या प्रोफाइल फोटोंना तर फारच लावायच्या. त्यामुळे माझी तीन स्थळं गेली. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्यांच्या डोळ्यांचं मला पुष्कळ दिवसांनी कळलं. वयामुळे त्यांची मधली नजर जात चालली होती. म्हणजे समोर जे आहे तिथे एक धुरकट डाग आणि आजूबाजूचं मात्र स्वच्छ. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली होती, डागाची वाढ थोडी थांबली होती, इतकंच. समोरच्याचा चेहरा त्यांना दिसायचा नाही, पण त्याच्या चपलेचा तुटलेला बंद दिसायचा. म्हणून त्या मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्याने बघायच्या. लोकांना वाटायचं, म्हातारी आपल्याकडे संशयाने बघते. तेही खरंच होतं म्हणा.

दुर्बिणीचा त्यांना आता तसा उपयोग नव्हता. तरी ती गळ्यात असायची. "ही काढली की लोक हात धरून रस्ता ओलांडायला लावतात," त्या म्हणायच्या.

तर मी त्यांचे डोळे झाले. दर शनिवारी सकाळी आम्ही ओढ्यावर जायचो. मी लांब झूमचा एक कॅमेरा घेतला. मी फोटो काढायची, काकू आवाज ऐकायच्या, आणि मग त्यांच्या घरी वायर लावून टीव्हीवर फोटो बघत आमची भांडणं. "पिवळसर" म्हटलं तर "किती पिवळसर? हळदीसारखा की लिंबासारखा?" "सुंदर" म्हटलं तर चहा बंद. मला पक्ष्यांचं काडीचं ज्ञान नव्हतं आणि काकूंना तेच हवं होतं. ज्ञान असलेल्यांना त्या कंटाळल्या होत्या.

ज्ञान असलेले म्हणजे आमच्या भागातला पक्षी निरीक्षकांचा गट. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमायचे. चहा, बिस्किटं, प्रोजेक्टर आणि कोणी काय पाहिलं त्याची चर्चा. वर्षाच्या शेवटी अहवाल छापायचे. माणसं चांगली होती. काकूंना खुर्ची द्यायची, चहा आणून द्यायची, आणि काकू काही बोलल्या की सगळी मिळून मंद हसायची. या देशात तुम्हाला हाकलायचं असलं तरी इतक्या गोडव्याने हाकलतात, की घरी येऊन कोट काढताना लक्षात येतं.

एका शनिवारची गोष्ट. आदल्याच आठवड्यात, ऑक्टोबर संपताना, हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर मागे गेली होती. सकाळी ऊन होतं, जमिनीवर धुकं. आम्ही ओढ्याच्या वळणावर पोचलो आणि काकू थांबल्या. त्यांचा हात माझ्या बाहीवर घट्ट बसला.

झुडपातून एक कोरडा आवाज आला. फणीच्या दातांवरून झर्रकन नख फिरवावं तसा. पुन्हा आला.

"ऐकलं?" मी कुजबुजले. "कोण आहे?"

"गप्प. फोटो काढ. या बाजूने काढ, मग पलीकडे जाऊन काढ. मला काही विचारू नको."

एक लहानसा पक्षी बाहेर आला. तपकिरी, गोलमटोल, शेपटी सारखी वर उचलणारा. मी मिळेल तसे फोटो काढले. काट्यांतून काढले, उन्हाकडे तोंड करून काढले, चिखलात गुडघा टेकून पलीकडून काढले. मग एक माणूस कुत्रा घेऊन आला, "मॉर्निंग!" असं खणखणीत ओरडला आणि पक्षी गेला. काकूंनी त्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेला मधे काय नि कडेला काय.

परत येताना त्या अजिबात बोलल्या नाहीत. मी शेवटी विचारलंच, की तुम्ही तो आवाज ओळखलात ना?

"ओळखला. म्हणूनच बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं ते माझं लहानपणही असू शकतं. फोटोला लहानपण नसतं. घरी चल."

घरी मुलगी आली होती. ती इथेच जन्मलेली, लेस्टरला वकिली करणारी, हुशार आणि आईच्या काळजीने कावलेली. चहा करून आमची वाट बघत बसली होती. "आई, तू परत चिखलात गेली? डॉक्टर काय बोलला तुला?"

"डॉक्टरला पक्षी पाहायचा नव्हता," काकू म्हणाल्या. "सरक. टीव्ही लाव."

पहिला फोटो लागला. मी उत्साहाने म्हणाले, "रॉबिन!" इथे लहान, गोल, तपकिरी काही दिसलं की सगळे रॉबिनच म्हणतात. नाताळच्या कार्डावर असतो तो, लाल छातीचा. काकूंचा अंगठा उठला आणि टीव्हीवरच्या पक्ष्याच्या तोंडावर बसला.

"रॉबिनची छाती कुठे गेली मग? धुवायला टाकली? नाव शेवटी. पोट सांग."

पोट मळकट पांढरं. पाठ तपकिरी. शेपटी काळपट, आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. हे सांगितल्यावर काकूंनी मान डोलावली.

"मग माशीमार आहे. इथवर कोणाशी भांडण नाही."

माशा उडता उडता पकडतो म्हणून माशीमार. काकूंनी मला समजावलं ते असं. या पट्टेवाल्या शेपटीचे दोन भाऊ आहेत. एक पश्चिमेकडचा. तो दर शरद ऋतूत वाऱ्याने भरकटून इंग्लंडच्या किनाऱ्यावर थोडाफार येतो, लोक खूश होतात. दुसरा पूर्वेकडचा, सायबेरियातला. तो हिवाळ्याला आपल्याकडे येतो, चंद्रपूरच्या जंगलातही, आणि इथे जवळजवळ कधीच येत नाही. दोघे दिसायला सारखे. फरक इतकाच, की पाठ संपून शेपटी सुरू होते तिथली पिसं एकाची तपकिरी असतात आणि पूर्वेकडच्याची शेपटीहूनही काळी. आणि आवाज वेगळा.

"आता सांग. तिथे काय दिसतं?"

मी जवळ गेले. "काळं."

"सावली असेल. उजेड कुठून आहे?"

"डावीकडून."

"मग उजेड उजवीकडून आहे असा फोटो लाव."

असे दोन होते, चिखलात गुडघा टेकून काढलेले. एक हललेला. दुसरा बरा. मी पाहिलं, पुन्हा पाहिलं. "काळंच आहे, काकू. शेपटीपेक्षा जास्त काळं."

"तुला मला खूश करायचं आहे का?"

"नाही."

"शपथ घेऊ नको, नीट पाहा."

मी नीट पाहिलं. इतकं नीट मी आयुष्यात काही पाहिलेलं नव्हतं. काळं होतं. मग काकू उठल्या, मान वाकडी केली आणि गाल जवळजवळ टीव्हीला टेकवून डोळ्याच्या कोपऱ्याने बघत राहिल्या.

"आई, टीव्हीवर नाक लागेल," मुलगी म्हणाली.

काकूंनी ऐकलंच नाही. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग खुर्चीत येऊन बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "पूर्वेकडचा आहे. क्वार्टरच्या मागे यायचा आमच्या. बाबा म्हणायचे, हा आला, आता गोधड्या काढा. तेव्हा दोघांना एकच मानायचे, पुढे शास्त्रज्ञांनी वेगळे केले. पक्ष्याला आधीपासून माहीत असणार."

त्यांचे डोळे भरले होते. मुलगी थंड झालेल्या चहाचे कप उचलून आत गेली.

आम्ही गटाला सगळं पाठवलं. फोटो, जागा, आवाजाचं वर्णन. दुसऱ्या दिवशी गटातले लोक ओढ्यावर गेले, दिवसभर थांबले. पक्षी गेलेला होता. लहान पक्षी कोणासाठी थांबत नाहीत.

मग गटाचे अध्यक्ष स्वतः काकूंकडे आले. उंच, सभ्य, निवृत्त गृहस्थ, बूट दाराबाहेर काढून आले. मी होते तिथे. काकूंनी चिवडा पुढे ठेवला. त्यांनी फोटोंचं कौतुक केलं, माझं कौतुक केलं, चिवड्याचं केलं आणि मग मुद्द्यावर आले. पश्चिमेकडचा माशीमार म्हणून लिहिलं तर गट लगेच मान्य करेल. समुद्रापासून इतक्या आत तोही सापडत नाही, छान नोंद होईल. पूर्वेकडचा म्हटलं की प्रकरण दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या देशाच्या समितीकडे जाणार, फोटो तेवढे चांगले नाहीत, उगाच मनस्ताप. "अँड विथ युअर सिच्युएशन, माय डिअर..."

"व्हॉट सिच्युएशन?"

"युअर आइज."

काकूंनी त्यांच्यासमोरची चिवड्याची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. अध्यक्षांचा हात हवेतच राहिला.

"आय विल नॉट चेंज द नेम," काकू दारातून म्हणाल्या. "यू मे से नो. आय वोन्ट."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिलाही अध्यक्षांनी फोन केला होता, काळजीपोटी. स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आलं. "आई, नाव बदल ना. काय फरक पडतो? एवढासा पक्षी आहे. सगळे लोक बोलतात तुला नीट दिसत नाही, तू एकटीच बोलते की दिसतं. मी खालची रूम पेंट करून ठेवली आहे, तू इकडे ये, प्लीज."

काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. त्यांना इतकं दुखावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"फरक काय पडतो ते सांगते. आज मी नाव बदललं की माझ्याच हाताने लिहून दिल्यासारखं झालं, मला दिसत नाही म्हणून. उद्या लेक खोकी घेऊन दारात. मी लेकीकडे जाणार नाही असं नाही. पाय गेले तर जाईन, हात थरथरायला लागले तर जाईन. पण मला दिसत नाही म्हणून नाही जाणार. मी पाहिलं आहे."

मला राग आला. अजूनही येतो. म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडताना सगळ्यांचा आवाज किती मऊ होतो, ते तुम्ही पाहिलं आहे का?

महिन्याच्या बैठकीला हॉल भरला होता. मुलगी लेस्टरहून गाडी घेऊन आली, कारण आईला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं. मी लॅपटॉप सांभाळत होते. फोटो पडद्यावर आले. चर्चा सुरू झाली आणि पाहता पाहता ती पक्ष्यावरून काकूंवर गेली. किती दिवसांपासून त्रास आहे, रंग कळतात का, दुरून काय दिसतं. एका भल्या माणसाने विचारलं, ती काळी पिसं नेमकी पाहिली कोणी, तुम्ही की या तरुण बाईंनी?

काकू उठल्या.

"शी सॉ देम. आय टोल्ड हर व्हेअर टु लुक. इन माय डिपार्टमेंट, दॅट वॉज कॉल्ड वर्क." मग पडद्याकडे हात केला. "यू हॅव स्पेंट हाफ अॅन अवर एक्झामिनिंग माय आइज. नाऊ काइंडली एक्झामिन द बर्ड."

मग पुढच्या रांगेतली एक बाई उठून पडद्याजवळ गेली. मागोमाग दुसरा गेला. शेवटी सात-आठ जण पडद्यापाशी गर्दी करून त्या पिसांवरून एकमेकांशी वाद घालत होते. कोणी सावली म्हणे, कोणी काळं म्हणे. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये काकूंशी नाही, काकूंच्या म्हणण्याशी भांडण चाललं होतं. त्या खुर्चीत बसून ते ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मी लॅपटॉपच्या आड तोंड लपवलं.

अध्यक्षांनी शेवटी पुन्हा हळूच विचारलं, सोपं नाव चालेल का? काकू म्हणाल्या, नाही. समिती नाही म्हणाली तर तिचा नकार छापा, माझ्या नावापुढे छापा. मला लाज नाही. हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मग कळावं म्हणून मला मराठीतही सांगितलं, जसं काही मलाच इंग्रजी येत नव्हतं.

परत येताना मुलगी गाडी चालवत होती, काकू आणि मी मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मुलगी आरशात बघून म्हणाली, "आई, तू कोर्टात पाहिजे होती."

"मग तुला काम राहिलं नसतं," काकू म्हणाल्या.

मुलगी इतकी हसली की मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. त्या हिवाळ्यात खालच्या रूमचा विषय निघाला नाही. ती दर पंधरा दिवसांनी यायची, जेवण डब्यांत भरून ठेवायची आणि एकदा तर गमबूट घालून आमच्याबरोबर ओढ्यावरही आली. तिला बदक सोडून काही ओळखता आलं नाही. काकूंनी तिच्या वर्णनांचे माझ्याहून जास्त वाभाडे काढले.

मार्चमध्ये काकू गेल्या. झोपेत, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. सकाळी पडदे उघडले नाहीत म्हणून शेजारच्या बाईंनी मुलीला फोन केला आणि मुलीने मला. मी पोचले तेव्हा दारात गमबूट उलटे ठेवलेले होते, वाळायला. आदल्या दिवशी आम्ही गेलो होतो.

अंत्यसंस्काराला गटातले बहुतेक सगळे आले. अध्यक्ष मागच्या रांगेत उभे होते आणि रुमालाने डोळे पुसत होते. मी त्यांच्याशी बोलले. काकू बोलल्या नसत्या, असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटतं, बोलल्या असत्या, पण चिवडा दिला नसता.

समितीचा निकाल उन्हाळ्यात आला. पूर्वेकडचा माशीमार असल्याचं सिद्ध होत नाही. फोटो पुरेसे स्पष्ट नाहीत, आवाज रेकॉर्ड केलेला नाही. दोन्ही खरं होतं. मला आवाज रेकॉर्ड करायचं सुचलं नव्हतं आणि काकूंनी मला बोलूच दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी काकूंचं घर आवरत होतो. स्वयंपाकघरात खोकीच खोकी. मुलीचा फोन वाजला. अध्यक्ष होते. तिचे हात भांड्यांच्या कागदांत अडकले होते म्हणून तिने स्पीकर लावला.

त्यांचा आवाज खरोखर प्रेमळ होता. ते म्हणाले, गटाला तुमच्या आईंची आठवण म्हणून काहीतरी करायचं आहे. यंदाच्या अहवालात ती नोंद पश्चिमेकडचा माशीमार म्हणून छापावी असं सगळ्यांना वाटतं. पूर्ण पान देऊ. फोटो देऊ. त्यांच्या नावाने. नाहीतर ती मागे शेवटच्या पानावर, असिद्ध नोंदींमध्ये बारीक अक्षरात जाईल, आणि ते कोणालाच बरं वाटणार नाही. तुमची परवानगी हवी.

मुलीने फोनवर हात ठेवला. आईच्याच त्या स्वयंपाकघरात, आईच्याच स्टीलच्या डब्याशेजारी ती खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. नाही म्हणायला तिला किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. पूर्ण पान. आईचं नाव. आईचा फोटोही छापला असता त्यांनी.

"तू सांग मला," ती म्हणाली. "मला खरं पाहिजे. आई बरोबर होती?"

"होती."

"तू तिच्या प्रेमात बोलते?"

"मी पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. काळं होतं."

तिने डोळे पुसले. हात काढला.

"दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू ऑल," ती फोनमध्ये म्हणाली, कोर्टात बोलत असावी त्या आवाजात. "बट नो. दॅट इज नॉट द बर्ड माय मदर सॉ. प्लीज पुट हर ऑन द लास्ट पेज."

अध्यक्षांनी विचारलं, यू आर क्वाइट शुअर?

"क्वाइट शुअर. अँड स्पेल हर नेम प्रॉपर्ली."